पाकिटे उघडायला लावणाऱ्या ताईंस

न्यू जर्सी, ऑगस्ट २०२४

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरे तर मे महिन्यातच लिहायला हवे होते, कारण भूलतज्ज्ञांच्या बिलाचा शेवटचा हप्ता मी तेव्हाच भरला. परंतु कागद हाती आल्याशिवाय व्यवहार मिटला असे समजायचे नाही, हे तुम्हीच बजावले असल्यामुळे 'बाकी शून्य' असे लिहिलेले पत्र येईपर्यंत थांबलो. ते गेल्या आठवड्यात आले. तुमचे आभार चार लोकांसमोर मानावेत अशी इच्छा होती. नाव लिहायचे नाही ही तुमची अट मात्र पाळतो आहे.

२९ एप्रिल २०२३ च्या शनिवारी मी वाचनालयात तुमच्या टेबलापाशी आलो, तेव्हा माझ्या हातात किराण्याची एक प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यात माझ्या शस्त्रक्रियेच्या बिलांसंबंधीची सतरा पाकिटे होती आणि त्यांतली अकरा मी फोडलीही नव्हती. मी बसल्याबरोबर, पैसे कसे उभे करावेत, क्रेडिट कार्डावर घ्यावेत की मेहुण्याकडून उसने आणावेत, असे विचारू लागलो. तुम्ही मला मध्येच थांबवून विचारलेत, "इतके पैसे तुम्ही देणे लागता, हे तुम्हाला कोणी कागदावर दाखवले आहे का?" सहा महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि माझ्याही मनात तो आला नव्हता. बिल आले म्हणजे ते आपले देणे झाले, आणि देणे थकले म्हणजे आपली अब्रू गेली, एवढाच हिशेब मला ठाऊक होता.

माझी चूक आधी कबूल करतो. जुनी नोकरी सुटली तेव्हा तिच्याबरोबर आरोग्य विमाही गेला, आणि साठ दिवसांच्या आत सरकारी बाजारपेठेतून नवा विमा घेता येतो हे माहीत असूनही, हप्ता परवडणार नाही अशा समजुतीने मी ते पुढे ढकलत राहिलो. या राज्यात गाडीत पेट्रोल स्वतः भरण्यास कायद्याने मनाई असल्याने गॅस स्टेशनवर माझ्यासारख्यांना काम मिळते. मी तिथे रात्रपाळी करू लागलो. तिघांच्या कुटुंबाला वर्षाचे साधारण ३४,००० डॉलर, म्हणजे मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विम्यासाठी थोडे जास्त आणि बाकी सगळ्यासाठी फार कमी. ऑक्टोबर २०२२ मध्ये कामावर असतानाच पोटात कळ आली, आंत्रपुच्छ (अपेंडिक्स) फुटले होते, त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही.

रुग्णालयाचे पहिले बिल ७ नोव्हेंबरचे, ३१,४८० डॉलरचे होते. त्यानंतरची पाकिटे मी पिशवीत टाकत गेलो. ११ एप्रिलला थकबाकी वसूल करणाऱ्या कलेक्शन एजन्सीचा पहिला फोन आला आणि मग ते सकाळी साडेआठला, मी पाळीवरून येऊन नुकताच डोळा लागलेला असताना, नेमाने येऊ लागले. आज कार्डावर निदान ५० डॉलर भरले नाहीत, तर उद्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे देणी फेडण्याच्या माझ्या इतिहासाच्या अहवालावर, नोंद होईल आणि मग घरही भाड्याने मिळणार नाही, असे मला ऐकवण्यात आले. एकदा फोन थेट गॅस स्टेशनवर आला. मालकाने तो माझ्या हाती दिला आणि कोणाचा होता हे विचारले नाही, याची मला अधिक लाज वाटली.

त्या दिवशी तुम्ही काय केलेत ते थोडे सविस्तर लिहितो, कारण अशीच पिशवी घरात असलेल्या कोणाला तरी त्याचा उपयोग होईल. तुम्ही एकेक पाकीट माझ्याच हाताने फोडायला लावलेत. कागदांचे रकमेप्रमाणे नव्हे, तर पाठवणाऱ्याप्रमाणे गठ्ठे केलेत, आणि तेव्हा मला प्रथमच कळले की एका शस्त्रक्रियेची तीन वेगवेगळी देणी होती: रुग्णालयाचे, भूलतज्ज्ञांच्या गटाचे १,९४० डॉलर आणि क्ष-किरणतज्ज्ञांचे ३८५. मग पहिल्या बिलावरील तारखेभोवती पेन्सिलीने गोल काढून तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजलेत. "एकशे त्र्याहत्तर," तुम्ही म्हणालात, "अजून सदुसष्ट आहेत." रुग्णालय ना-नफा तत्त्वावरील असेल, तर २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने करसवलतीच्या बदल्यात त्याच्यावर आर्थिक मदतीचे लेखी धोरण ठेवण्याचे बंधन घातले आहे, पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत आलेला अर्ज त्याला घ्यावाच लागतो, आणि पूर्ण भरलेला अर्ज विचाराधीन असेपर्यंत कोर्टकचेरी किंवा क्रेडिट रिपोर्टवरील नोंद यांसारखी पावले थांबवावी लागतात, हे तुम्ही मला समजावून सांगितलेत. रुग्णालयाच्या बिलाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, त्या धोरणाची सूचना छापलेली होती. मी ती बाजू कधी उलटून पाहिली नव्हती.

एजन्सीच्या धमकीवर तुम्ही हसलात. हे रिपोर्ट तयार करणाऱ्या तिन्ही क्रेडिट संस्थांनी जुलै २०२२ पासून एक वर्ष उलटेपर्यंत वैद्यकीय थकबाकी रिपोर्टवर न दाखवण्याचे ठरवले होते, आणि एप्रिल २०२३ पासून तर ५०० डॉलरखालची रक्कम दाखवणेच बंद केले होते. माझे देणे जेमतेम सहा महिन्यांचे होते. म्हणजे 'उद्या' काहीच होणार नव्हते. १९७७ च्या वसुलीविषयक संघीय कायद्यानुसार अशी खोटी भीती घालणे हा मुळी वसुली करणाऱ्याचाच दोष ठरतो, गुन्हेगारासारख्या वागवल्या जाणाऱ्या गरिबाचा नव्हे, हे ऐकल्यावर मी पाणी मागितले, ते तुम्हाला आठवत असेल.

त्याच टेबलावर आपण एजन्सीला पत्र लिहिले: हे देणे मला मान्य नाही, मूळ कोणाचे आणि कशाकशाचे ते लेखी दाखवावे, सकाळी दहापूर्वी व कामाच्या ठिकाणी फोन करू नये. त्यांची नोटीस हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत अशी लेखी हरकत घेतली, तर पुरावा पाठवेपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. मी म्हणालो, साधे तिकीट लावून टाकतो. तुम्ही मला टपाल कार्यालयात जाऊन पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पाठवायला लावलेत. आठवड्याभराने ती हिरवी पोचपावती, कोणाची तरी तिरकी सही घेऊन, माझ्या पत्रपेटीत परत आली. त्या दिवसापासून फोन बंद झाले. इतक्या लहानशा पुठ्ठ्यावर माणूस किती शांत झोपू शकतो, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

रुग्णालयाकडून बाबवार बिल मागवले, त्यात एकाच सीटी स्कॅनची दोनदा आकारणी निघाली: ४,८६० डॉलर. मी म्हणालो की चॅरिटी केअर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या रुग्णांना राज्याच्या नियमाने मिळणारी रुग्णालयाच्या बिलाची माफी, मिळालीच, तर सगळे माफ होणार, मग भांडायचे कशाला? त्यावर तुमचे उत्तर असे होते की न झालेल्या तपासणीचे पैसे माफसुद्धा होता कामा नयेत, ते आधी खोडले गेले पाहिजेत. हा तुमचा काटेकोरपणा मला त्या वेळी जरा जादाच वाटला होता. आता वाटत नाही.

अर्जासाठी लागणारी कागदपत्रे जमवणे हे सर्वांत कंटाळवाणे काम होते. ओळखपत्र, राज्यात राहत असल्याचा पुरावा, शस्त्रक्रियेआधीच्या काळातील पगाराच्या पावत्या आणि त्या तारखेचे बँकेचे विवरण. त्या रात्री माझ्या खात्यात ४१२ डॉलर होते. राज्याच्या नियमाप्रमाणे दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पूर्ण माफी मिळते. तिघांसाठी ती मर्यादा २०२२ च्या आकड्यांनुसार ४६,०६० डॉलर होती. जूनअखेर मंजुरी आली, रुग्णालयाने खाते एजन्सीकडून परत घेतले आणि उरलेले २६,६२० डॉलर माफ झाले.

डॉक्टरांची बिले त्या योजनेत बसत नाहीत, हे तुम्ही आधीच सांगितले होते, म्हणून मी खचलो नाही. ३८५ डॉलर मी दोन हप्त्यांत फेडले. भूलतज्ज्ञांच्या कार्यालयात फोन मी केला, तुम्ही शेजारी बसून होता. महिन्याला ६० डॉलर, बारा महिने, म्हणजे ७२० डॉलरवर हिशेब पूर्ण, असे ती बाई तोंडी कबूल झाल्यावर मी कार्ड बाहेर काढले आणि तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात. आधी लेखी, मग पैसे. ते पत्र यायला अकरा दिवस लागले, तोवर मी एक सेंटही दिला नाही. क्रेडिट कार्डावर तर नाहीच, कारण तिथे गेलेले देणे वैद्यकीय राहत नाही आणि त्याला मिळणाऱ्या सवलतीही उरत नाहीत.

गेल्या महिन्यात राज्याने वैद्यकीय देणे क्रेडिट संस्थांना कळवण्यास बंदी करणारा कायदा केला, तेव्हा पहिली आठवण तुमची झाली. दिवाळीत मी आणलेला डबा तुम्ही परत पाठवलात आणि मुलीला बूट घ्या म्हणालात. बूट घेतले. त्याबद्दल ती स्वतंत्रपणे लिहिणार आहे, इंग्रजीतून, त्याला माझा इलाज नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे एजन्सीला लिहिलेल्या पत्राची आणि 'बाकी शून्य' पत्राची, नाव व खाते क्रमांक काळे केलेली प्रत सोबत जोडली आहे. नमुना म्हणून टेबलावर ठेवण्यास माझी हरकत नाही. मूळ प्रती माझ्याकडे फाइलमध्ये आहेत, हिरवी पोचपावती सर्वांत वर.

आपला कृतज्ञ,
सतरा पाकिटांचा धनी