खात्यात दिसलेले पैसे

चि. बाळा,

अनेक आशीर्वाद.

आता तुझं स्वतःचं खातं आहे, जुन्या वस्तू तू ऑनलाइन विकतेस, घरबसल्या करता येईल असं कामही शोधते आहेस. म्हणून हे पत्र. एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव: चेकची रक्कम खात्यात दिसणं वेगळं आणि चेक वठणं वेगळं. माणसं नेमकी इथेच फसतात, चांगली शिकलेलीसुद्धा.

आपण चेक भरला की आपली बँक तो ज्या बँकेवर काढलेला असतो तिच्याकडे पाठवते. तिथून खऱ्याखोट्याचा निवाडा व्हायच्या आधीच पुष्कळ ठिकाणी रक्कम वापरायला मिळते. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानेच बँकांना ठरावीक मुदतीत पैसे उपलब्ध करून द्यावे लागतात. कॅशिअर्स चेकचे, म्हणजे बँकेने स्वतःवरच काढून दिलेल्या चेकचे, तर बहुधा पुढच्याच कामाच्या दिवशी. ती रक्कम म्हणजे बँकेने भरवशावर दिलेली उचल. चेक खोटा निघाला हे कळायला कधी कधी काही आठवडे लागतात, आणि भामट्याचा सगळा धंदा या मधल्या दिवसांवर चालतो.

समज, तू कॅमेरा १०,००० ला विकायला काढलास. गिऱ्हाईक घासाघीस न करता हो म्हणतं आणि चेक येतो २५,००० चा. कारण तयारच असतं: हिशेबनिसाची चूक झाली, किंवा जास्तीचे पैसे सामान उचलायला येणाऱ्या माणसाला पाठवा. सोमवारी चेक भरलास, मंगळवारी रक्कम दिसली, बुधवारी १५,००० पाठवलेस. पुढच्या आठवड्यात चेक परत. बँक २५,००० वळते करून घेते, वर दंडही लावते. गेलेले १५,००० तुझ्या कष्टाचे होते, आणि कॅमेरा पाठवला असशील तर तोही गेला. चेक तू भरलास, म्हणून भरपाईही बहुधा तुझ्याच माथी येते.

चेक हातात घेऊन पाहिलास तरी फार काही कळणार नाही. कागद, वॉटरमार्क, सही, खऱ्या कंपनीचं नाव, कधी कधी खरा खाते क्रमांकसुद्धा. तळाला छापलेल्या आकड्यांच्या ओळीत मात्र एक खोच असते. चेक कुठल्या बँकेकडे जायचा हे त्यातल्या कोडवरून ठरतं. वर एका बँकेचं नाव आणि खाली दुसरीचा कोड छापला, की चेक आधी चुकीच्या दारी जातो आणि भामट्याला आणखी चार दिवस मिळतात. शंका आली तर त्या बँकेला फोन कर, पण चेकवर छापलेल्या नंबरवर नाही. नंबर स्वतः शोधून काढ. चेक एकाच्या नावाचा, पाकीट दुसऱ्याच गावाहून आणि बोलणारा तिसराच, असं दिसलं तर तो भरूच नकोस. आपल्या बँकेत ‘पैसे आले का?’ असं विचारू नकोस. ‘हा चेक अजून परत येऊ शकतो का?’ असं विचार.

नोकरीच्या वेशातही हेच येतं. कामाला लागायच्या आधीच चेक पाठवतात आणि त्यातून ‘आमच्या ठरलेल्या दुकानदाराकडून’ लॅपटॉप घ्यायला सांगतात. किंवा दुकानाची गुप्त पाहणी म्हणून गिफ्ट कार्डं घ्यायला लावून मागचे नंबर खरवडून मागतात. कुठलाही खरा मालक पगाराआधी चेक देऊन त्यातले पैसे परत पाठवायला सांगत नाही.

आगाऊ फीचा प्रकार याचाच थोरला भाऊ. एकोणिसाव्या शतकात ‘स्पॅनिश कैदी’ची पत्रं यायची: श्रीमंत माणूस तुरुंगात अडकलाय, सोडवायला पैसे द्या, मोठा वाटा मिळेल. पुढे हेच नायजेरियाच्या फौजदारी संहितेतल्या कलमावरून ‘४१९’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. आता कर्ज, लॉटरी, वारसा, शिष्यवृत्ती अशी नावं असतात. पहिली फी मुद्दाम छोटी ठेवतात. ती भरलीस की कर, मग विमा, मग कस्टम. आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. तू एवढंच म्हण, ‘फी मिळणाऱ्या रकमेतून कापून घ्या.’ खोटा माणूस इथे शंभर कारणं सांगतो. तिकीटच काढलं नाही त्या लॉटरीचं बक्षीस लागत नाही, आणि तुझी पत न पाहता कर्जाची हमी देणारा कर्ज देणारा नसतोच.

घाई हीसुद्धा खूणच समज. ‘आज संध्याकाळपर्यंत’ म्हणाले, की मुद्दाम दोन दिवस थांब.

आणि चुकून पैसे गेलेच, तर लाजेपायी गप्प बसू नकोस, बाळा. त्याच तासाला बँकेला फोन करून व्यवहार थांबवायला किंवा रक्कम परत मागवायला सांग. गिफ्ट कार्ड असेल तर पावती आणि कार्ड हाताशी घेऊन ते काढणाऱ्या कंपनीला कळव. चेक, पाकीट, त्यावरचा शिक्का, सगळे मेसेज जपून ठेव आणि पोलिसांत तक्रार दे. काही दिवसांनी ‘तुमचे पैसे मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असा फोन येईल. फसलेल्यांचे नंबर विकले जातात, म्हणून तो येतो. फोन ठेवून दे आणि मग मला कर, रात्री कितीही वाजता.

तुझी,
आई