सम्या, अर्ज भर, पण हा नको

हैदराबाद,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय सम्या,

माध्यमांच्या एम.ए.च्या अर्जात द्यायच्या स्टेटमेंटचा तुझा मसुदा परवा रात्री वाचला. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू "बरं बरं, कळलं" म्हणून विषय बदलला असतास, म्हणून मुद्दाम लिहायला बसलोय. निवांत वाच आणि रागावू नकोस. रागावलास तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

पहिलंच वाक्य, लहानपणापासून तुला माध्यमांविषयी प्रचंड आकर्षण आहे. अरे, लहानपणी मी तुझ्या शेजारीच होतो. तुला आकर्षण होतं ते जत्रेतल्या कुस्त्यांचं. दुसऱ्या वाक्यात लोकशाहीचा चौथा स्तंभ आला, तिसऱ्यात माहितीचं युग. हे तू लिहिलंस, कुणी लिहून दिलं की एखाद्या ॲपनं, ते नाही विचारत. पण वाचणाऱ्यापुढे अशाच अर्जांची थप्पी असते आणि त्यातला चौथा स्तंभ बघून तो पान उलटतो. आणि पार खाली, लाजत लाजत, "सध्या स्थानिक रेडिओवर छोटंमोठं काम करतो." छोटंमोठं! लगा, सगळ्या अर्जात वाचण्यासारखं तेवढंच आहे.

तो शेळ्यांचा कार्यक्रम आठव. पशुसंवर्धन खात्याचं पत्रक तू जसंच्या तसं वाचून दाखवलंस, "पावसाळ्यापूर्वी आंत्रविषार प्रतिबंधक लसीकरण करून घ्यावे." एक फोन आला नाही. पुढच्या आठवड्यात तू चुलतीला माइकसमोर बसवलंस. ती तिच्या पद्धतीनं बोलली, की पहिला पाऊस झाला, कोवळं गवत उगवलं की शेळी हावऱ्यासारखी खाती आणि सकाळी वाघरीत मरून पडलेली दिसती. त्याची लस पाऊस यायच्या आधी टोचायची असती, बायांनो. त्या दिवशी फोन थांबेनात, हे तूच मला सांगितलंस. डॉक्टर कधी येतो, किती पैसे लागतात, गाभण शेळीला चालती का. माहिती तीच होती. सांगणारं माणूस बदललं, भाषा बदलली, आणि ऐकणाऱ्याला आपलं म्हणणं मांडायला जागा मिळाली. यावर आम्ही इथं अख्खं सत्र चर्चा करतो, जाडजूड निबंध वाचतो. तू ते करून बसलायस आणि अर्जात त्याचा पत्ता नाही.

इथं आल्यावर मला सगळ्यात चाट पाडणारी गोष्ट कळली ती १९५६ सालची. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग झाला. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस. गावातली माणसं एकत्र बसून ऐकायची, ऐकून झालं की आपसात चर्चा करायची आणि प्रश्न पुण्याला कळवायची. १५० गावं होती, पाच जिल्ह्यांतली. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा. म्हणजे आपला सातारा! मूल्यमापन मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं केलं, पॉल न्यूराथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. ज्या गावांत अशी मंडळं होती तिथल्या लोकांच्या माहितीत इतर गावांपेक्षा कितीतरी जास्त भर पडलेली दिसली. विकास संवादावरच्या पुस्तकांत हा प्रयोग हमखास असतो, आणि आपल्याकडे कुणाच्या तोंडून त्याचा शब्द ऐकला नव्हता. नव्या कल्पना समाजात कशा पसरतात यावरचं एव्हरेट रॉजर्सचं १९६२ सालचं गाजलेलं पुस्तकही असंच, त्याच्या मुळाशी अमेरिकेतल्या आयोवाच्या शेतकऱ्यांनी संकरित मक्याचं बियाणं कसं स्वीकारलं याचा अभ्यास आहे. सांगायचं एवढंच, की या विषयाचा निम्मा पाया शेतात आहे आणि तू नेमकी शेतीच झाकून ठेवतोयस. पहिल्या ओळीत शेळी आण. चुलतीला आण. मग त्या कार्यक्रमातून तुला पडलेला एक प्रश्न लिही, ज्याचं उत्तर तुला अजून सापडलेलं नाही. असा प्रश्न असलेला उमेदवार शिकवणाऱ्याला आवडतो.

आता कुठं अर्ज करायचा ते. तू यादीत पाच नावं लिहिलीयस आणि सगळ्यांसमोर "मास कॉम" एवढंच. ती पाच वेगवेगळी दुकानं आहेत. पुण्यातलं रानडे म्हणजे मुळात पत्रकारिता. १९६४ पासूनचा विभाग, बातमीदारीचा वारसा मोठा. विद्यापीठाच्या आवारात माध्यम आणि संज्ञापनाचा आणखी एक विभाग आहे, तो वेगळा. २०२१ मध्ये हे दोन्ही एकत्र करायचं घाटत होतं तेव्हा रानडेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी किती आरडाओरडा केला होता, आठवतंय ना? तेव्हा अर्ज करताना कुठल्या विभागाचा फॉर्म आहे ते नीट बघ. अमरावतीचं आयआयएमसी, म्हणजे भारतीय जनसंचार संस्था, मराठी पत्रकारितेसाठी चांगलं, पण तिथला तो अभ्यासक्रम पदव्युत्तर पदविका आहे. पुढे प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा द्यायची असेल तर एम.ए. लागतंच. मुंबईचं टिस, तीच टाटा सामाजिक विज्ञान संस्था, डॉक्युमेंटरी आणि संस्कृती-अभ्यासाकडे झुकलेलं. दिल्लीत जामिया विद्यापीठाचं एजेके एमसीआरसी हे माध्यम केंद्र, १९८२ पासूनचं, कॅमेरा आणि चित्रपट शिकायचा तर उत्तम; त्यांची प्रवेशप्रक्रिया त्यांची स्वतःची, लेखी झाल्यावर मुलाखत. शाहरुख खान तिथं शिकत होता आणि मध्येच सोडून गेला, हे तुला तिथं गेल्यावर पहिल्या दिवशी कुणीतरी सांगेलच.

आणि आमचं हैदराबाद विद्यापीठ. मी इथं आहे म्हणून नाही सांगत, पण तुझं काम बघता तुला हेच जुळतं. सामुदायिक माध्यमांवरचं युनेस्को अध्यासन याच विभागात आहे, विनोद पावराला यांनी उभं केलेलं. कॅम्पसचा स्वतःचा रेडिओ आहे, बोल हैदराबाद. आणि इथून काही तासांवर माचनूरला संघम रेडिओ, २००८ साली सुरू झालेला, दलित बायकांनी चालवलेला. बाजरी-ज्वारीच्या बियाण्यांवर त्या तासन्‌तास बोलतात. तिथल्या बायकांचं बोलणं ऐकताना मला सारखी तुझी चुलती आठवत होती.

त्या पुण्याजवळच्या खासगी विद्यापीठाचा स्टुडिओ झकास आहे, मान्य. पण फीचा आकडा पुन्हा एकदा वाच आणि आबांना मोठ्यानं वाचून दाखव. शिष्यवृत्तीचं पत्र हातात आलं तरच तिकडं बघायचं. कर्ज काढून नाही. या क्षेत्रात सुरुवातीचा पगार काय असतो ते मला आमच्या सीनियरांकडून कळतंय, त्यात हप्ता बसत नाही.

हैदराबादचा रस्ता सीयूईटी पीजी या पदव्युत्तर सामाईक प्रवेश परीक्षेतून जातो. फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, परीक्षा मार्चमध्ये. ७५ प्रश्न, बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. माझ्या वेळी पावणेदोन तास होते, यंदाच्या मार्चमध्ये दीडच तास दिले. पेपर इंग्रजी-हिंदीत. हिकीचं बेंगॉल गॅझेट १७८०, पहिला प्रेस आयोग १९५२, प्रसार भारती १९९७, नवा नियतकालिक नोंदणी कायदा २०२३, असलं पाठ करावं लागतं. दर्पण १८३२ तुला झोपेतही येतं. चालू घडामोडी आहेत, थोडं तर्कशास्त्र आहे. यात शेळीचा काही उपयोग नाही, दीड महिना मुकाट्यानं घोकायचं. निकाल लागला की प्रवेश झाला असं समजू नकोस. प्रत्येक विद्यापीठाच्या साइटवर पुन्हा वेगळी नोंदणी करावी लागते. ही तारीख चुकली की गुण कितीही असोत, उपयोग शून्य. दरवर्षी चांगली पोरं इथंच गळतात.

कागदपत्रांचं मात्र आजपासून बघ. तुझ्याकडचा दाखला एनटी-सीचा, म्हणजे राज्याच्या यादीतल्या भटक्या जमाती (क) चा आहे. केंद्राच्या यादीत धनगर ओबीसीत येतात, त्यामुळे केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो, नॉन क्रीमी लेयरसकट. सेतूत जाऊन नुसतं "ओबीसीचा द्या" म्हटलंस तर राज्याच्या नमुन्यातला हातात ठेवतील. "सेंट्रलचा" असं ठासून सांग आणि प्रांतांची सही झाल्यावर पुढचा मथळा डोळ्यांनी वाच. प्रवेशाच्या वेळी चालू आर्थिक वर्षाचा मागतात, म्हणजे आत्ता काढलेला कदाचित एप्रिलनंतर पुन्हा काढावा लागेल. तरी आत्ताच काढ, फॉर्ममध्ये त्याचा नंबर लागतो आणि पुढच्या वेळी फाइल आधीच असली की काम लवकर होतं.

दुसरं, नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर तुझं आडनाव आधी आहे, आधारवर शेवटी. फॉर्ममध्ये दहावीप्रमाणे भर. आणि आधारवर तुझ्या वडिलांच्या नावात जो 'राव' जादा चिकटलाय तो आधी काढून घे. शिवाजी विद्यापीठातून मायग्रेशनचा दाखला काढावा लागेल, आणि बी.ए.नंतरच्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र. हे दोन्ही शेवटी धावपळ करून होत नाही.

इंग्रजीची तुला धास्ती आहे, ती खोटी नाही. वर्गात सगळं इंग्रजीतून चालतं. पहिले काही महिने मी वाचलेलं पान पुन्हा पुन्हा वाचायचो आणि चर्चेत तोंड उघडायचो नाही. दिल्ली-बंगळुरूची पोरं फडाफड बोलतात. पण हळूहळू लक्षात येतं की त्यातली बरीच जण बोलतात छान आणि त्यांच्याजवळ सांगायला फारसं काही नसतं. तुझ्याजवळ आहे. तोवर रोज एक इंग्रजी संपादकीय वाच आणि त्याचा सारांश मराठीत नाही, इंग्रजीतच पाच ओळींत लिही. मोडकातोडका लिही. इथले मास्तर व्याकरणापेक्षा मुद्दा बघतात, निदान मला भेटलेले तरी.

वर्गाबाहेरही शिकायला खूप मिळतं. यंदा मार्चअखेर कॅम्पसला लागून असलेल्या कांचा गच्चीबोवलीच्या ४०० एकरांवर बुलडोझर आले तेव्हा हॉस्टेलच्या गच्चीवरून पोरांनी मोबाइलवर टिपलेली दृश्यं देशभर गेली. त्यांच्याबरोबरच एआयनं बनवलेली हरणांची आणि मोरांची चित्रंही फिरायला लागली. मग सगळा वाद चित्रं खरी की खोटी यावर गेला आणि तोडलेली झाडं बाजूला पडली. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली. त्या आठवड्यात आमच्या मेसमध्ये जेवढी माध्यमांवर चर्चा झाली तेवढी कुठल्या तासाला झाली नसेल. स्टेटमेंटमध्ये असलं ताजं उदाहरण घालायचा मोह होईल, घालू नकोस. ते आमचं आहे. तुझं तू लिही.

आबा म्हणतात, "एम.ए. करून काय कलेक्टर होणार का?" त्यांचं चुकत नाही. त्यांना खोटी आशा दाखवू नकोस. वर्तमानपत्रांत माणसं कमी होतायत, चॅनेलांचं तू बघतोसच. आमच्या आधीची मंडळी कुठं गेली ते सांग त्यांना. कुणी आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेत, कुणी जाहिरात कंपनीत, कुणी सरकारी प्रकल्पाच्या प्रसिद्धीवर, एक-दोघं पीएच.डी.ला, आणि काही जण अजून शोधतायत. तू परत येऊन रेडिओवरच बसलास तरी माझ्या मते ते वाया गेलेलं शिक्षण नाही, पण हे मत आबांसमोर मांडू नकोस, मला शिव्या बसतील.

मेंढरं दोन वर्षं कोण बघणार हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दादाशी एकदा समोर बसून बोल. चुलती मध्ये पडली तर काम सोपं होईल, ती तुझ्या बाजूनं आहे असा मला संशय आहे.

पुढचा मसुदा येत्या रविवारपर्यंत पाठव, मराठीत लिहिलास तरी चालेल, इंग्रजी आपण दोघं मिळून करू. परीक्षेआधी चार दिवस इकडं यायचं असेल तर सोलापूरहून हुसेनसागर एक्स्प्रेसनं ये आणि लिंगमपल्लीला उतर, तिथून कॅम्पस जवळ आहे. खोलीत गादीला जागा आहे. पंढरपूरपर्यंत एसटी मिळतेच, पुढचं तुला माहीत आहे.

काकींना नमस्कार सांग. ठेचा कुरियरनं पाठवू नका म्हणावं, मागच्या वेळी बरणी फुटली आणि त्यातली माझी पुस्तकं अजून मिरचीचा वास मारतायत. येतोस तेव्हा हातानंच घेऊन ये.

तुझा,
नित्या