ठाणे खाडीचे पर्यटन भरती-ओहोटी पाहून चालवा : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले, २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. अभयारण्याचा कारभार वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे. काठावर मुंबई, ठाणे, नवी मुंबई अशा तीन महापालिका, त्यात सिडको वेगळी. चौकाचौकांत फ्लेमिंगोचे पुतळे मात्र उभे राहिले.

ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी खाडीत चरतात. भरतीत तो बुडाला की नेरुळचे टी. एस. चाणक्य, एनआरआय आणि डीपीएस तलाव गाठतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्त, भांगाला (अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीला) कमी. म्हणजे माणसांची गर्दी कधी आणि कुठे होणार, हे भरतीच्या तक्त्यावरून महिनाभर आधी सांगता येते. नोव्हेंबर ते मेसाठी सर्व यंत्रणांनी एकच तक्ता वापरावा. उधाण शनिवार-रविवारी आले तर तलावाकाठी रक्षक वाढवावेत, गाड्या पामबीच मार्गावर थांबू न देता सीवूड्स स्थानकाकडे वळवाव्यात, ड्रोनला सक्त मनाई असावी.

खरी मेख पाण्याच्या वाटांत आहे. तलावात भरतीचे पाणी आणणारे पाइप आणि उघाड्या (बांधातली पाण्याची दारे) गाळाने, राडारोड्याने बुजल्या की पाणी अडते, तळ सुकतो, पक्षी भरकटतात. डीपीएस तलावाने २०२४च्या उन्हाळ्यात हे दाखवून दिले. तपासणी सोपी आहे : उघाडीच्या दोन्ही अंगांना मोजपट्ट्या रोवा आणि भरतीत दर अर्ध्या तासाने वाचा. बाहेरचे पाणी चढले, आतले जागचे हलले नाही, तर वाट बुजली. पण गाळ काढायला माणसे महापालिकेची, जमीन सिडकोची, कांदळवनात शिरायची परवानगी वन विभागाची. फाइल फिरेपर्यंत हंगाम संपतो. त्यामुळे वर्षभराची एकत्रित परवानगी ऑक्टोबरपूर्वीच द्यावी आणि प्रत्येक उघाडीसाठी एकच अभियंता नावानिशी जबाबदार धरावा.

कचऱ्याचेही तसेच. ठाण्याच्या नाल्यांतले प्लास्टिक ओहोटीबरोबर ऐरोलीकडे उतरते. नाल्याच्या तोंडावरची जाळी ओहोटी लागण्यापूर्वी रिकामी झाली पाहिजे, नंतर नव्हे.

खर्चासाठी ऐरोलीच्या बोटफेरीच्या तिकिटातले दहा टक्के संयुक्त खात्यात जावेत आणि ते उघाड्या, रक्षक यांवरच खर्च व्हावेत. फेऱ्या वाढवायच्या असतील तर पहिला हक्क खाडीवर जगणाऱ्या कोळी बांधवांचा.

पहिली बैठक ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात, उधाणाच्या दिवशी बोलवावी. भरती चढू लागली की सर्व अधिकाऱ्यांना नेरुळला घेऊन या, मोजपट्टी आम्ही आणतो.

आपले,
ठाणे खाडीकाठचे पक्षीनिरीक्षक