रॅटक्लिफ बंद झाले, त्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी फोनवर विचारले होते की, इथले, म्हणजे ब्रिटनमधले, कोळशाचे शेवटचे वीजकेंद्र बंद झाल्यावर तिथल्या माणसांचे काय झाले. ते फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

नॉटिंगहॅमजवळचे रॅटक्लिफ-ऑन-सोर हे 2000 मेगावॅटचे केंद्र 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झाले आणि 1882 मध्ये लंडनला सुरू झालेली कोळशाची वीज ब्रिटनमधून संपली. कोळसा थांबवणार हे सरकारने 2015 मध्येच जाहीर केले होते, त्यामुळे कामगारांना तयारीला वर्षे मिळाली. काही जण तर केंद्र पाडण्याच्या कामासाठी तिथेच राहिले. 1980 च्या दशकात खाणी बंद करताना एवढी सवड कोणी दिली नव्हती आणि त्याचे परिणाम इथली खाणींची गावे अजून भोगत आहेत. अर्थात सगळे आलबेल नाही. वारा पडला की गॅसची केंद्रे चालवावी लागतात, आणि विजेचे बिल पाहून आईने कपाळावर हात मारला असता.

आपल्या चंद्रपूरचे केंद्र 2920 मेगावॅटचे, म्हणजे रॅटक्लिफहून बरेच मोठे. ते उद्या बंद होणार नाही. पण दुपारी सौर वीज आली की वीजनिर्मितीचे संच क्षमतेच्या 55 टक्क्यांपर्यंत उतरवायचे आणि दिवेलागणीला पुन्हा चढवायचे, हा नवा रिवाज बॉयलरच्या ट्यूबांना किती सोसेल हे बाबा माझ्याहून चांगले जाणतात. मला काळजी वाटते ती कंत्राटी कामगारांची. कायम कामगाराची बदली तरी होते. कोळसा हाताळणाऱ्या आणि राख उपसणाऱ्या माणसाला कोणता संच कधी बंद होणार हे शेवटी कळते, किंबहुना कळतच नाही. बाबा, निवृत्तांच्या बैठकीत हा विषय तुम्ही काढावा, अशी माझी विनंती आहे. तारखा आधी मागून घेतल्या तरच प्रशिक्षणाच्या गोष्टीला अर्थ आहे.

गच्चीवरच्या सौर पॅनेलचेही मनावर घ्या. तीन किलोवॅटला केंद्र सरकारचे 78,000 रुपये अनुदान आहे. फक्त पाण्याची टाकी दक्षिणेला असल्याने तिची सावली पॅनेलवर पडेल. आधी ती उत्तरेकडे हलवून घ्यावी लागेल, त्याचा खर्च प्लंबरला विचारून कळवा.

तुमचा मुलगा