बिली बोस्टन यांचा किताब आणि कार्डिफचे ऋण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून २०२५ मध्ये ब्रिटनच्या राजांनी नव्वद वर्षांच्या माजी रग्बी खेळाडू बिली बोस्टन यांना 'सर' हा किताब बहाल केला. १८९५ साली इंग्लंडमधील हडर्सफील्ड येथे रग्बी लीगचा, म्हणजे रग्बी युनियनपासून फुटून निघालेल्या आणि खेळाडूंना मोबदला देणाऱ्या रग्बी प्रकाराचा, पाया घातला गेला, तेव्हापासून या खेळातील एकाही खेळाडूच्या वाट्याला हा मान आला नव्हता. मात्र बोस्टन यांची थोरवी सांगताना उत्तर इंग्लंडमधील विगन क्लबसाठी त्यांनी केलेल्या ४७८ ट्रायपाशीच (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणे) थांबले, तर या गौरवातला महत्त्वाचा भाग निसटतो.

बोस्टन हे वेल्समधील कार्डिफच्या गोदीलगतच्या टायगर बे वस्तीतले. वडील सिएरा लिओनचे, आई आयरिश वंशाची. कार्डिफ क्लबकडून आणि वेल्सकडून रग्बी युनियन खेळावे, ही त्यांची इच्छा होती. परंतु वेल्सच्या युनियन संघात कृष्णवर्णीय खेळाडूला स्थान मिळण्यासाठी १९८० चे दशक उजाडावे लागले. १९५३ मध्ये बोस्टन यांनी विगनशी करार केला आणि त्याबरोबर युनियनची दारे त्यांना बंद झाली, कारण लीगमध्ये पैसे घेऊन खेळणाऱ्यावर युनियनमध्ये आजन्म बंदी असे. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यात त्यांनी ३६ ट्राय केले. १९५७ च्या विश्वचषकाहून परतताना हाच ब्रिटिश संघ प्रदर्शनीय सामन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेत थांबला. वर्णभेदामुळे बोस्टन यांना तेथे जाता आले नाही, तरीही संघ गेला. ही गोष्ट मला आजही अक्षम्य वाटते.

त्यांच्याच शहरातील क्लाइव्ह सुलिवन यांच्यावर लहानपणी पायांच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि ते पुढे धड चालू शकतील की नाही, याचीच शंका होती. हाच मुलगा १९७२ मध्ये ब्रिटनच्या रग्बी लीग संघाचा कर्णधार झाला. ब्रिटनच्या कोणत्याही खेळातील राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. फ्रान्समधील ल्यों येथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध आपल्याच अर्ध्या भागात चेंडू हाती येताच ते कडेने सुसाट सुटले, ते थेट पलीकडच्या टोकाला ट्राय करूनच थांबले. सामना १०-१० असा बरोबरीत सुटला आणि साखळीतील सरस कामगिरीमुळे चषक ब्रिटनला मिळाला. त्यानंतर आजतागायत ब्रिटनला किंवा इंग्लंडला तो जिंकता आलेला नाही. इंग्लंडमधील हल शहरात दोन क्लबांचे हाडवैर असताना सुलिवन दोन्हीकडून खेळले आणि दोघांनीही त्यांना आपले मानले. १९८५ मध्ये, अवघ्या ४२ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. हलमध्ये प्रवेश करणाऱ्या मुख्य रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

१९४६ च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी मालिकेत अपराजित राहिलेल्या ब्रिटनच्या संघाचे कर्णधार गस रिस्मन हेही कार्डिफचेच, स्थलांतरित कुटुंबातले. जुलै २०२३ मध्ये कार्डिफ बे येथे या तिघांचा एकत्रित पुतळा उभारण्यात आला. तो पाहण्यास तिघांपैकी एकटे बोस्टन हयात होते. ज्या शहराला सोडून त्यांना उत्तरेकडे जावे लागले, त्या शहराने आपले ऋण असे उघडपणे मान्य केले, हे मला किताबापेक्षाही मोलाचे वाटते.

आपल्या क्रीडापानावर या तिघांविषयी, विशेषतः सुलिवन यांच्याविषयी, सविस्तर लेख प्रसिद्ध व्हावेत आणि त्यांत विक्रमांबरोबरच त्यांना घर का सोडावे लागले, हेही स्पष्टपणे लिहिले जावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे