कपाटाच्या पाठीवरचा शिक्का

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे अर्धा सूत रंधा मारला, जुन्या कपाटाचा वरचा खण आता सरकतो. पाठच्या फळीवरचा शिक्का मात्र तुम्हाला कॉलवर दिसला नसेल. त्यावर आहे, ‘युरोपियन लेबर ओन्ली’, म्हणजे फक्त गोऱ्या कामगारांनी बनवलेलं. हे कशाला, ते शोधत बसलो आणि चिनी सुतारांपाशी पोचलो.

ही माणसं बहुतेक दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या खेड्यांतली. १८५१ मध्ये इथे ऑस्ट्रेलियात सोनं सापडल्यावर यायला लागली. इथल्या व्हिक्टोरिया वसाहतीच्या सरकारने १८५५ मध्ये चिन्यांवर माणशी दहा पौंड कर लावला, तर कितीतरी जण शेजारच्या वसाहतीत रोब बंदराला उतरले आणि शेकडो किलोमीटर चालत खाणींवर गेले. पुढे सोनं आटलं. मग काहींनी मेलबर्नला लिटल बर्क स्ट्रीटच्या आसपास रंधा-पटाशी हातात घेतली. कपाटं, टेबलं, खणांच्या पेट्या. बायको-मुलं बहुतेकांची गावीच. मालकही चिनीच, पण म्हणून सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं असं नाही. १८८५ मध्ये कारागिरांनी या आपल्याच मालकांविरुद्ध संप केला! मला हे फार आवडलं.

त्यांचा माल स्वस्त, म्हणून गोरे सुतार बिथरले. १८९६ चा कारखाना कायदा वाचून तर हसावं की रडावं कळेना. इतर चौघं एकत्र राबत असतील तर तो कारखाना. चिनी माणूस एकटा बसला तरी कारखाना. चिनी कामगार असलेल्या फर्निचरच्या कारखान्यात संध्याकाळी पाचनंतर काम बंद, रविवारी तर नाहीच. शिवाय प्रत्येक नगावर शिक्का, चिनी हातचा की गोऱ्या हातचा ते सांगणारा. म्हणजे गिऱ्हाइकाने सांधा बघायचाच नाही. तुम्ही फळीवरून आधी बोट फिरवता, मग भाव विचारता; तुमच्यापुढे हा शिक्का किती टिकला असता?

‘चिनी’ शिक्क्याचं कपाट इथल्या जुन्या बाजारात शोधतोय, अजून हाती लागलेलं नाही. मिळालं की दोन्हींचे खण कॉलवर शेजारी शेजारी ठेवतो, डव्हटेलचा सांधा कुणाचा सरस ते तुम्ही ठरवा. आई, आत्ताच ओरडू नकोस, जागा करेन कुठेतरी. आणि गुडघ्याच्या गोळ्या दोघांनीही चुकवू नका.

तुमचा,
बाळू