नळ्यांविषयी मुक्ताला

फोंडा, गोवा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

"प्लाझ्मा राहिला बाजूला, माझ्या वाट्याला नळ्या आल्या," असं तू फ्यूजन भट्टीवरच्या तुझ्या कामाविषयी फोनवर म्हणालीस, जणू ते दुय्यमच. फोनवर तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून लिहिते.

प्लाझ्माचे, म्हणजे भट्टीतल्या त्या अतितप्त विद्युतभारित वायूचे, फोटो छान येतात, कबूल. पण हलके अणू जोडून ऊर्जा काढणाऱ्या या फ्यूजनच्या भट्टीला इंधन कोण देणार? ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं जड, किरणोत्सारी रूप, हे त्यातलं एक इंधन; ते निसर्गात जवळजवळ नाहीच, आणि बनवून ठेवलं तर 12.3 वर्षांत निम्मं उरतं. म्हणजे भट्टीने ते आपल्याच भिंतीत तयार करायचं. प्लाझ्मातून 14.1 एमईव्ही इतक्या प्रचंड ऊर्जेचा न्यूट्रॉन बाहेर येतो, शिशामुळे न्यूट्रॉन वाढतात, लिथियम ते गिळून ट्रिटियम देतं. शिसं-लिथियमचं हे मिश्रण 235 अंशांना वितळतं आणि वाहतं ते तुझ्या नळ्यांतून! गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचा ब्लँकेटचा, म्हणजे इंधन तयार करणाऱ्या त्या भिंतीचा, आराखडाही याच मिश्रणावर बेतलेला आहे.

गोची अशी, की प्लाझ्माला कोंडणारं चुंबकीय क्षेत्र या धातूलाही सोडत नाही. तो क्षेत्राला आडवा वाहिला की त्यात वीज निर्माण होते, आणि तीच वीज त्या क्षेत्रात धातूला मागे रेटते. मी वर्गात तांब्याच्या नळीतून चुंबक सोडून दाखवायचे. तो रेंगाळत खाली यायचा, तेव्हा मागच्या बाकावरचेही उठून बघायचे. तेच हे, फक्त इथे चुंबक जागेवर आणि धातू धावतो. भौतिकशास्त्रज्ञ हार्टमन यांनी 1937 मध्ये कोपनहेगनला पाऱ्यावर याचे प्रयोग मांडले होते.

मला खरी मजा वाटली ती भिंतीची. पोलादी भिंतीतून विजेला परतीची मोकळी वाट मिळते, म्हणून धातूच्या वाहण्याला होणारा विरोध हार्टमन अंकाच्या (चुंबकीय रेटा धातूच्या चिकटपणापुढे किती भारी, ते सांगणारा आकडा) वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भिंत विद्युतरोधक असली, तर विजेला भिंतीलगतच्या धातूच्या अगदी पातळ थरातून परतावं लागतं. तिथे ती अडते, आणि विरोध नुसत्या अंकाच्या प्रमाणात वाढतो. हा अंक भट्टीत दहा हजारांच्या घरात जातो, तेव्हा फरक किती ते तूच बघ. सिलिकॉन कार्बाइडची अस्तरं घालतात ती त्यासाठीच.

तुझे बाबा म्हणतात, "मोठा पंप बसवा की." अहो, पण तो दाब सोसायचा नळीनेच, आणि ती आधीच तापलेली, वर न्यूट्रॉनांचा मारा! शिवाय क्षेत्र प्रवाहातली खळबळ दाबून टाकतं, मग उष्णताही नीट मिसळत नाही. हे दुय्यम काम कसं, ते मला कुणीतरी सांगावं.

एक शंका आहे. अस्तराला तडा गेला तर वीज तिथून पोलादात शिरणार. मग शेजारशेजारच्या नळ्यांत धातू सारखा वाटला जाईल का, की फुटक्या नळीत तुंबून बाकीच्यांत पळेल? चवथीला आलीस की वहीत काढून दाखव. पुण्याहून कदंब बसची तिकिटं मात्र आत्ताच काढ, मागाहून मिळत नाहीत.

तुझी,
आई